ग्रुप डिलीट करू का, असं विचारलंस म्हणून

(पत्र मोठं होतं, नाव-गाव काढून थोडक्यात देतेय.)

"ताई, मी ३१ वर्षांची, खाजगी शाळेत शिकवते. आमच्या भागातून मोठा रस्ता जायचाय, त्यात आमची दीड एकर बागायत जातेय. गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, दोनशेच्या वर लोक, मी आणि अजून दोघं अॅडमिन. मागच्या महिन्यात तहसीलसमोर धरणं धरलं, आदल्या दिवशी मला १६८ची नोटीस आली. नंतर पोलिसांच्या गोपनीय शाखेचे एक साहेब घरी आले, मी शाळेत होते, त्यांनी सासूबाईंकडून माझा नि मिस्टरांचा नंबर घेतला आणि ग्रुपमधल्या सगळ्यांची यादी तयार ठेवा म्हणाले. आता रोज फोन येतो की स्टेशनला येऊन जा, मोबाईल घेऊन या. मिस्टर म्हणतात ग्रुप डिलीट कर, सगळं पुसून टाक, सिम बदल. सासूबाईंना रात्री झोप नाही. आमचे फोन टॅप होत असतील का? ग्रुपमध्ये कुणी काही टाकलं तर मी आत जाणार का? आणि ग्रुपचं नाव 'जमीन आमची, निर्णय आमचा' असं आहे, ते तरी बदलू का?"

अगं, सगळ्यात आधी एक ऐक, आज काहीही पुसू नकोस.

घाबरलं की पहिला हात डिलीटवर जातो हे मला माहितीये, पण नोटीस आल्यावर आणि पोलिसांचे फोन सुरू झाल्यावर मोबाईल साफ केला, आणि उद्या खरंच कसला गुन्हा दाखल झाला, तर "पुरावा नष्ट केला" असं म्हणायला जागा होते. भारतीय न्याय संहितेत पुरावा नाहीसा करण्याचं कलम २३८ आहे, कागद किंवा इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड नष्ट करण्याचं २४१ वेगळं आहे. आज ग्रुपवर काय आहे, तर मोजणीच्या तारखा, हरकतीच्या अर्जाचे फोटो, धरण्याला कोण भाकरी आणणार, एवढंच असणार. त्यात लपवण्यासारखं काही नाही, आणि ते पुसलंस तर लपवण्यासारखं काहीतरी होतं असं दिसेल. म्हणून राहू दे.

दुसरं कारण माझ्या घरातलं आहे. माझे वडील मास्तर होते. आणीबाणीच्या आधी आमच्या ओसरीवर दर शनिवारी दहा-बारा माणसं जमायची, वाचायची, वाद घालायची, आणि वडील कोण आलं, कुठला विषय झाला हे वहीत लिहून ठेवायचे. १९७५च्या जूननंतर शेजारच्या गल्लीतल्या एका माणसाला मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबायच्या कायद्याखाली, उचललं, आणि त्याच रात्री आईने त्या सगळ्या वह्या बंबात घातल्या. आमच्या घरी पोलीस कधीच आले नाहीत. एकदाही नाही. पण शनिवार बंद झाला तो कायमचा, १९७७मध्ये सरकार पडलं, लोक सुटून आले, हार-तुरे झाले, तरी आमच्या ओसरीवर परत कुणी जमलं नाही आणि वडिलांनी त्यानंतर वाण्याच्या हिशोबापलीकडे वहीत काही लिहिलं नाही. मी आईला दोष देत नाही, तिला तीन पोरं होती. पण पाळत म्हटलं की मला बंबातून येणारा तो कागदाचा वास आठवतो. तुझ्या घरात सध्या तेच चाललंय, अजून कुणी काही केलेलं नाही आणि तुम्ही मात्र सगळं गुंडाळायला निघालात. म्हणून तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, ती केवढी धरायची तेवढं मात्र आपण नीट बघू.

आता नोटीस. गावाकडे अजून सगळे तिला १४९चीच नोटीस म्हणतात, जुन्या फौजदारी संहितेतलं १४९ म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेतलं, बीएनएसएसचं, १६८. ते कलम वाचशील तर त्यात नोटीस हा शब्दच नाही, दखलपात्र गुन्हा होऊ नये म्हणून पोलिसांनी प्रयत्न करावेत एवढंच लिहिलंय. त्यावरून मोर्चा असला की आदल्या दिवशी कार्यकर्त्यांना कागद वाटायचा ही आपल्याकडची जुनी पद्धत. तो कागद म्हणजे गुन्हा नाही, एफआयआर नाही, तुझ्या नोकरीच्या फॉर्ममध्ये लिहायची गोष्ट नाही. परत आली तर घे, मिळाली म्हणून तारीख-वेळ टाकून सही कर, "मजकूर मान्य नाही" असं खाली लिही, फोटो काढून ठेव. मात्र धरण्याच्या जागी पोलिसांनी उठा म्हटलं तर तिथे हुज्जत घालू नका, नवीन संहितेत १७२ कलम आलंय, त्याखाली प्रतिबंधक कारवाईतला कायदेशीर आदेश न मानणाऱ्याला ताब्यात घेऊन हलवता येतं. जमावबंदीचा, म्हणजे महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७चा, आदेश लागू आहे का तेही आधी बघून घ्यायचं.

स्टेशनला येऊन जा हे जे रोज चाललंय, त्याला तोंडी उत्तर देणं बंद कर. शांतपणे एवढंच म्हणायचं की साहेब, कुठल्या गुन्ह्यात, कुठल्या कलमाखाली बोलावताय ते लेखी द्या, मी लगेच उत्तर देते. तपासात साक्षीदार म्हणून बोलवायचं तर १७९ कलमाखाली लेखी हुकूम लागतो, आणि बाईला चौकशीसाठी तिच्या राहत्या घराशिवाय दुसरीकडे हजर राहायला भाग पाडता येत नाही, हे त्याच कलमात आहे. साठीच्या पुढच्या माणसालाही नाही, म्हणजे उद्या सासऱ्यांना बोलावलं तरी हेच उत्तर. आरोपी म्हणून बोलवायचं असेल तर ३५(३)ची नोटीस येते, ती आली तर मात्र टाळायची नाही, वकील घेऊन जायचं. तुझ्या पत्रावरून यातलं काहीच आलेलं नाही, फक्त फोन येतायत. प्रत्येक फोनची तारीख, वेळ, कोण बोललं, काय बोललं हे एका वहीत लिहीत जा. ही वही बंबात जाणार नाही असं मला वचन दे.

यादीचं तर स्पष्टच सांगते, देऊ नकोस. दोनशे माणसांची नावं ही तुझी वस्तू नाही, त्यांनी तुला विश्वासाने दिलीयत. गुन्हा नाही, तपास नाही, लेखी मागणी नाही, अशा वेळी कुणाची यादी द्यायला तू बांधील नाहीस. आणि मोबाईल उघडून दाखवा असं वाटेत, घरात, चहा पिता पिता म्हणायचा सरसकट अधिकार कायद्याने कुणाला दिलेला नाही. गुन्ह्याच्या तपासात फोन जप्त होऊ शकतो, ते खरंय, ९४ खाली वस्तू हजर करायला सांगता येतं. पण मग पंचनामा हवा, नवीन १०५ कलमाप्रमाणे झडती-जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग हवं, जप्तीच्या यादीची प्रत हवी, आणि फोनमधल्या डेटाची हॅश व्हॅल्यू मागायची. हॅश व्हॅल्यू म्हणजे त्या क्षणाला फोनमध्ये जे आहे त्याचा आकड्यांतला ठसा, नंतर एक अक्षर जरी आत-बाहेर झालं तरी ठसा बदलतो. हे का सांगतेय? भीमा कोरेगावच्या केसमध्ये अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या फोरेन्सिक कंपनीने फेब्रुवारी २०२१मध्ये अहवाल दिला की त्यातले आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये मालवेअर, म्हणजे चोरून घुसणारं सॉफ्टवेअर, घालून बाहेरून फाईल्स टाकल्या होत्या. तपास करणाऱ्या एनआयए या केंद्राच्या यंत्रणेने ते मान्य केलं नाही, पण त्याच केसमध्ये ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी जामिनाची वाट बघत ५ जुलै २०२१ला मुंबईत गेले. तुझ्या धरण्याची तुलना मी त्याच्याशी करत नाहीये, घाबरू नकोस. पण मशीनमध्ये सापडलं म्हणजे तिनेच ठेवलं असं धरून चालतात, म्हणून त्या ठशाचा आग्रह धरायचा. पासवर्ड सांगायची सक्ती करता येते का यावर कोर्टांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, ती वेळ आली तर वकिलाला फोन लावल्याशिवाय बोलायचं नाही.

आता टॅपिंग. मनात पाल चुकचुकतेय तुझ्या, बरोबर आहे, कारण हे तुला कधी कळूच नये अशी व्यवस्था आहे.

१८८५चा टेलिग्राफ कायदा इंग्रजांनी केला, त्याच्या ५(२) कलमाखाली आपण सव्वाशेच्या वर वर्षं काढली, आणि २०२३मध्ये नवीन टेलिकम्युनिकेशन कायदा आला तेव्हा तोच अधिकार २०(२)मध्ये जसाच्या तसा उतरला. सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा लोकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तरच ऐकता येतं, असं त्यात आहे. १९९६मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हुकूम गृहसचिवांचाच हवा आणि त्यावर समिती हवी. डिसेंबर २०२४मध्ये नवीन नियम आले, त्यातही साच्यात फरक नाही: हुकूम ६० दिवसांचा, वाढवत वाढवत १८० दिवसांपर्यंत, राज्यात मुख्य सचिवांची समिती दोन महिन्यांतून एकदा बसून तपासणार. सचिवाने हुकूम काढायचा आणि सचिवांनीच तपासायचा, मधे न्यायाधीश कुठेच नाही. न्यायमूर्ती श्रीकृष्ण, म्हणजे आपल्या मुंबईच्या दंगलीचा अहवाल दिला तेच, त्यांच्या समितीने २०१८मध्ये लिहून ठेवलंय की या आढावा समितीपुढे एकेका बैठकीत १५ ते १८ हजार हुकूम येतात. विचार कर, एक माणूस एका दिवसात किती कागद वाचेल? नुसत्या सह्या करायच्या म्हटल्या तरी हात दुखेल. माझा सगळा राग इथे आहे. सरकारला कधीच ऐकावं लागत नाही असं मी म्हणत नाही, बॉम्ब ठेवणाऱ्याचा फोन ऐकावाच लागतो, पण कुणाचा ऐकताय हे सरकारच्या बाहेरचं एकही माणूस तपासत नाही आणि ज्याचा ऐकला त्याला नंतरही कुणी कळवत नाही. ज्याला माहीतच नाही तो कोर्टात जाणार कसा?

तरी कुणी गेलं तर उपयोग होतो. मुंबईतल्या एका व्यावसायिकाचा फोन लाचेच्या प्रकरणात टॅप केला होता, मुंबई हायकोर्टाने २२ ऑक्टोबर २०१९ला ते तीनही हुकूम रद्द केले, यात ना आणीबाणी ना लोकांची सुरक्षितता, रेकॉर्डिंग नष्ट करा म्हणून सांगितलं. त्याच्या दोन वर्षं आधी, २४ ऑगस्ट २०१७ला, सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने म्हटलं होतं, त्याच निकालावर हे उभं राहिलं.

मग तुझा फोन? नक्की सांगता येत नाही, पण गावातल्या ग्रुपची खबर टॅपिंगने जात नाही गं, ती स्क्रीनशॉटने जाते. दोनशे माणसं म्हणजे दोनशे फोन, त्यात कुणाचा मेहुणा पोलिसात असतो, कुणी नुसतं फुशारकीने दाखवतं. व्हॉट्सअॅपचे मेसेज वाटेत वाचता येत नाहीत, पण कुणाच्याही हातातल्या फोनवर वाचता येतात, आणि बॅकअपला एन्क्रिप्शन चालू केलेलं नसेल तर तिथेही. तुझ्या फोनचा सीडीआर, म्हणजे कुणाला कधी किती वेळ फोन केला, कुठल्या टॉवरखाली होतीस, हा मिळवायला गृहसचिव लागत नाही, आणि डिसेंबर २०२१पासून कंपन्यांना तो निदान दोन वर्षं ठेवावा लागतो. म्हणून सिम बदलून काही साधत नाही, उलट संशय वाढतो. पेगॅसस या फोनमध्ये घुसून हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल घरात बोलणं झालं असेल तर तेही सांगते, सुप्रीम कोर्टाच्या समितीने २९ फोन तपासले, पाचांत मालवेअर सापडलं, ते पेगॅससच होतं असं ठरलं नाही, आणि सरकारने समितीला सहकार्य केलं नाही हे सरन्यायाधीशांनी ऑगस्ट २०२२मध्ये भर कोर्टात सांगितलं. ते प्रकरण गंभीर आहे, पण असली महागडी हत्यारं दीड एकर बागायतीवर खर्च होत नाहीत.

ग्रुपवर यापुढे अनोळखी लिंक पाठवू द्यायची नाही, बॅकअपचं एन्क्रिप्शन चालू करायचं, फोनला बोटाच्या ठशाऐवजी लांब पिन ठेवायचा, आणि बैठक म्हणजे बैठक, पारावर बसून. चिथावणीचं, जातीधर्माचं, साहेबांच्या घरच्यांबद्दलचं काही आलं तर लगेच काढायचं आणि का काढलं ते ग्रुपवरच लिहायचं.

त्यावरूनच तुझा अॅडमिनचा प्रश्न. १ मार्च २०२१ला मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने, गोंदियाकडचीच केस होती, निकाल दिला की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मेसेजसाठी अॅडमिनला जबाबदार धरता येत नाही, दोघांचा मिळून तसा इरादा होता हे दाखवता आलं तरच. याची प्रत काढून घरात ठेव, मिस्टरांना वाचायला दे. त्यांनी पालघरची गोष्ट काढली असेल, २०१२ची, बंदवर फेसबुक पोस्ट टाकणाऱ्या मुलीला अटक झाली आणि ती लाईक करणारीलासुद्धा. ते झालं हे खरं. पण त्यावर देशभर ओरड झाली, पोलीस अधिकारी सस्पेंड झाले, आणि मार्च २०१५मध्ये त्यात लावलेलं आयटी कायद्याचं ६६-अ कलमच सुप्रीम कोर्टाने घटनाबाह्य ठरवलं. मे २०२५मध्ये पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या एका पोरीला पोस्ट शेअर केली म्हणून आत टाकलं, तिने ती काढून माफीही मागितली होती, हायकोर्टाने सरकारला चांगलं सुनावून तिला सोडायला लावलं. सुटली, पण तोवर तिचे दिवस तुरुंगात गेले, परीक्षेच्या तोंडावर. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, कोर्टात दाद मिळते, आणि मिळेपर्यंत माणूस भोगतं. मी तुला यातली अर्धीच सांगितली तर फसवल्यासारखं होईल.

आणि एक काळजी मलाही आहे, ती लपवत नाही. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक. १० जुलै २०२५ला विधानसभेत आणि दुसऱ्या दिवशी परिषदेत मंजूर झालं. त्याआधी संयुक्त समितीकडे १२ हजारांहून जास्त सूचना-हरकती आल्या होत्या, म्हणजे लोक झोपलेले नव्हते. सरकारने सांगितलं की हे नक्षलवादासाठी आहे, आंदोलकांवर वापरणार नाही. पण 'बेकायदेशीर कृत्य' म्हणजे काय याच्या व्याख्येत कायदा मोडायला प्रोत्साहन देणं, प्रशासनात अडथळा आणणं असं सगळं बसतं, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते, अजामीनपात्र. मुळशीला शंभर वर्षांपूर्वी धरणाखाली जमिनी जात होत्या तेव्हा सेनापती बापटांच्या मागे मावळे रुळावर आणि बांधावर बसले, ते या व्याख्येत कुठे बसले असते? मंत्र्याचा शब्द मंत्री आहे तोवर, कलम मात्र पुढच्या प्रत्येक सरकारच्या हातात राहतं. म्हणून तुमच्या धरण्याचं प्रत्येक पाऊल कागदावर असू दे, परवानगीचा अर्ज, त्याची पोच, ग्रामसभेचा ठराव, हरकतीची पोच.

सासूबाई म्हणत असतील, कर नाही त्याला डर कशाला. त्यांच्या पिढीचं ते बोलणं आहे आणि त्यात चूक काहीच नाही, पण मग त्यांनाच विचार, आपण काही केलेलं नाही तरी झोप का उडालीय? त्यांना रागावू नकोस. त्या एकट्या घरी होत्या आणि दारात पोलीस उभा होता, त्यांनी नंबर दिला, कुणीही दिला असता. त्यांना एकच वाक्य पाठ करून दे, "सूनबाई संध्याकाळी असतात, काय ते लेखी द्या." आणि पुढच्या वेळी शेजारची दोन माणसं लगेच येऊन बसतील अशी सोय करा. तीन म्हाताऱ्या ओसरीवर बसल्या की बोलण्याचा सूर बदलतो, मी पाहिलंय.

मिस्टरांशी भांडू नकोस, त्यांना कामाला लाव. तालुका विधी सेवा समितीत जाऊन फुकट वकिलाचा अर्ज त्यांनाच करू दे, बाईला उत्पन्न न बघता ही मदत मिळते, १९८७च्या कायद्याचं १२वं कलम, फोन १५१००. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते ठीक, पण वकिलाचा नंबर फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे असला पाहिजे. कधी अटक झालीच, होणार नाही बहुतेक, तर कारणं लेखी आणि आपल्याला समजेल त्या भाषेत द्यावी लागतात, सूर्यास्तानंतर बाईला नेता येत नाही, अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते, आणि २४ तासांत कोर्टापुढे उभं करावं लागतं. हे चौघांना माहीत असू दे, तू एकटीने पाठ करून उपयोग नाही.

शाळेचं तू काही लिहिलं नाहीस, पण संस्थेच्या लोकांच्या कानावर तूच आधी घाल, दुसऱ्याकडून गेलं तर तिखट-मीठ लावून जातं.

राहिलं ग्रुपचं नाव. 'जमीन आमची, निर्णय आमचा' यात कुणाला शिवी नाही, धमकी नाही, ज्याची जमीन जातेय त्याचं साधं म्हणणं आहे. ते आहे तसंच राहू दे. बाकीचे दोघं अॅडमिन कोण आहेत ते मात्र बघ, पत्रात त्यांच्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस.